वजनकाट्यापर्यंत जाऊन परत

आमच्या ऑफिसच्या दारापासून मागच्या गेटजवळच्या वजनकाट्यापर्यंत जाऊन परत यायला ६४० पावलं लागतात. जेवणानंतर दोन फेऱ्या मारल्या की तेराशेच्या आसपास पावलं होतात आणि बारा-तेरा मिनिटं जातात. या फेऱ्यांबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. हल्ली बऱ्याच ठिकाणी कर्मचाऱ्यांसाठी चालण्याची चॅलेंजेस घेतात. पहिला आठवडा उत्साहाचा जातो, आणि महिना संपायच्या आत सगळं थंडावतं. आमचंही पहिलं चॅलेंज असंच थंडावलं होतं. ते मीच चालवत होते, त्यामुळे कुठे चुकलं ते मला जवळून माहीत आहे.

मी नाशिकला, सातपूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अकाउंट्सला आहे. सव्वीस वर्षं झाली. सप्टेंबर २०२२ मध्ये कंपनीत तपासणी शिबिर झालं. अकाउंट्स आणि पर्चेस मिळून आम्ही चौदा जण. त्यातल्या पाच जणांची साखर वाढलेली निघाली. माझं एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचं माप, ६.२ आलं, म्हणजे अजून मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर. डॉक्टर म्हणाले, "ताई, गोळी नको इतक्यात. रोज चाला." हे सांगणं सोपं असतं. सकाळी साडेपाचला उठून दोन डबे करायचे, सव्वाआठला कंपनीची बस गाठायची, संध्याकाळी साडेसहाला घरात पाऊल टाकलं की ओट्याशी उभं राहायचं, मग सासूबाईंचं औषधपाणी. नऊ-साडेनऊला मोकळं झाल्यावर त्रिमूर्ती चौकात एकटीने चालायला जायचं म्हटलं तर अंगात त्राण नसतं. आमच्या सेक्शनमधल्या बाकी बायकांचं वेळापत्रकही याहून वेगळं नाही. मी एचआरच्या सरांना म्हटलं, "सर, चालायचं असेल तर इथेच, ड्यूटीत चालता आलं पाहिजे." त्यांनी ऐकून घेतलं आणि जानेवारी २०२३ मध्ये चॅलेंज जाहीर केलं. पण माझं 'ड्यूटीत' त्यात आलंच नाही.

नियम साधे होते. महिनाभर रोज दहा हजार पावलं. मोबाइलमधल्या अ‍ॅपचा स्क्रीनशॉट रात्री नऊपर्यंत व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा. सगळ्यात जास्त पावलं होतील त्याला स्मार्टवॉच, दुसऱ्याला मिक्सर. ती यादी रोज रात्री मी करत असे, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत, नावं आणि आकडे.

पहिल्या आठवड्यातच पुढचे तीन जण ठरून गेले. एकजण दरवर्षी हाफ मॅरेथॉन पळणारा, दोघं सकाळी जिमला जाणारे. त्यांना चॅलेंजची गरजच नव्हती. मधल्या लोकांनी दहाव्या दिवशी हिशेब केला की आपण तिथवर पोचत नाही, आणि स्क्रीनशॉट टाकणं सोडलं. एकाने मोबाइल बाळाच्या पाळण्याला बांधून आकडे वाढवले. ते उघड झाल्यावर ग्रुपवर जी भाषा वापरली गेली ती सव्वीस वर्षांत मी आमच्या ऑफिसात ऐकली नव्हती. आणि यादीच्या तळाशी सलग तेवीस दिवस एकच नाव होतं: पर्चेसमधल्या एका सरांचं. वय सत्तावन्न, दोन्ही गुडघे दुखरे. ते रोज प्रामाणिकपणे आकडा टाकत होते, दोन हजार, एकवीसशे, एकोणीसशे. चोविसाव्या दिवशी ते काही न बोलता ग्रुपमधून बाहेर पडले. ती यादी मी टाइप करत होते. एका माणसाला चाळीस जणांसमोर रोज रात्री शेवटचा म्हणून उभं करतोय, हे ते गेल्यावर माझ्या लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या टेबलाशी जाऊन माफी मागितली. ते म्हणाले, "तुमचा दोष नाही हो मॅडम. पण हे माझ्यासाठी नव्हतं."

ते वाक्य वर्षभर डोक्यात राहिलं. कोणासाठी असतं हे मग?

मी वाचायला लागले. आधी त्या दहा हजारांचा माग काढला. मला वाटत होतं, कुठल्यातरी डॉक्टरांच्या मंडळाने ठरवलेला आकडा असेल. निघालं वेगळंच. टोकियोचं ऑलिम्पिक १९६४ साली झालं, आणि पुढच्या वर्षी एका जपानी कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं. त्याचं नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. विक्रीसाठी घेतलेला तो गोल आकडा पुढे जगभर पसरला. २०१९ मध्ये अमेरिकेत सोळा हजारांहून अधिक वयस्क स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि साधारण ७,५०० च्या पुढे फारसा फरक पडत नव्हता. मला आमचे पर्चेसचे सर आठवले. दोन हजारांवरून साडेतीन हजारांवर जाणं हे त्यांच्या शरीरासाठी केवढं तरी होतं. आमच्या चॅलेंजमध्ये त्याची किंमत शून्य होती.

दुसरं वाचलं ते मला घरचंच वाटलं. जेरी मॉरिस नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी लंडनच्या डबलडेकर बसमधल्या ड्रायव्हर आणि कंडक्टरांची तुलना केली होती. ती १९५३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. दोघं एकाच खात्यातले, एकाच बसवरचे. पण दिवसभर बसून असलेल्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त, आणि जिने चढ-उतर करणाऱ्या कंडक्टरांना कमी. माझे वडील एसटीत कंडक्टर होते. नाशिक-पेठ, नाशिक-हरसूल अशा ड्यूट्या. गच्च भरलेल्या गाडीत, घाटाच्या वळणावर, आसनाच्या कडेला मांडी टेकवून तोल सांभाळत ते या टोकापासून त्या टोकापर्यंत तिकिटं देत जायचे. घरी आले की पोटऱ्या चोळून द्यायला सांगायचे. मी नोकरीला लागले तेव्हा त्यांना केवढा आनंद झाला होता, मुलीला बसून काम मिळालं म्हणून. ते बसणं मला उंबरठ्यावर घेऊन आलं.

आणि तिसरी गोष्ट वाचून नाही, बघून सुचली. आमच्याकडे श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीची फेरी असते. लहान फेरी वीस किलोमीटर, मोठी चाळीस. आमच्या कंपनीतले पंचवीस-तीस जण तरी रविवारी रात्रीच निघतात. पावसात, चिखलात, कितीतरी जण अनवाणी. त्यात आमच्या स्टोअरमधल्या एक ताई आहेत, ज्या चॅलेंजच्या चौथ्याच दिवशी "मला नाही जमत" म्हणून थांबल्या होत्या. त्या फेरीला वीस किलोमीटर चालतात. मी त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, "तिथे कोण पुढे कोण मागे, हे कोण बघतं? बरोबरची थांबली की आपण थांबायचं, तिने पाणी प्यायलं की निघायचं." हे ऐकलं आणि पुढच्या चॅलेंजचे नियम तिथेच अर्धे ठरले.

दुसरं चॅलेंज ४ डिसेंबर २०२३ ला सुरू झालं आणि आठ आठवडे चाललं. नाव ठेवलं 'शतपावली'. हा शब्द सगळ्यांच्या आजी-आजोबांच्या तोंडचा, त्यामुळे काही समजावून सांगावं लागलं नाही. पहिला आठवडा स्पर्धाच नव्हती. नेहमी चालता तेवढंच चाला आणि लिहून ठेवा, एवढंच. ते प्रत्येकाचं मूळ माप. पुढे मोजायची ती फक्त त्यावरची वाढ. रोज हजार पावलं वाढली की त्या दिवसाचं काम झालं. पाच हजार वाढवली तरी हजारच धरायची, म्हणजे उगाच कोणी हट्टाने गुडघे आणि टाचा दुखवून घेणार नाही. ज्यांच्याकडे तसा फोन नाही त्यांनी दहा मिनिटं चालणं म्हणजे हजार पावलं असं धरायचं. सायकल, सूर्यनमस्कार यांनाही तोच हिशेब. स्क्रीनशॉट नाही, वही. गटाची एक वही, त्यात आपल्या हाताने आकडा लिहायचा. वजन, आजार, साखर कोणी कोणाला विचारायचं नाही.

सहा-सहा जणांचे नऊ गट चिठ्ठ्या टाकून केले, त्यामुळे डिस्पॅचचे काका, क्वालिटीतली पोरं आणि आम्ही अकाउंट्सवाले एकत्र आलो. गटांना आपल्या जिल्ह्यातल्या नद्यांची नावं दिली: दारणा, कादवा, वालदेवी, नंदिनी, गिरणा, मोसम, आणखी तीन. मी कादवात होते. पर्चेसच्या सरांना मी स्वतः जाऊन विचारलं होतं. त्यांनी नियमांचा कागद दोनदा वाचला, खिशातलं पेन काढून 'वाढ' या शब्दाखाली रेघ मारली आणि म्हणाले, "बघू." त्यांची चिठ्ठी वालदेवीत निघाली.

बक्षिसाबद्दल मी मॅनेजरसाहेबांशी चांगलीच अडून बसले. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या लोकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग माझ्या हाती लागला होता. २८१ कर्मचारी, तेरा आठवडे, रोज सात हजार पावलांचं लक्ष्य. काही जणांना लक्ष्य गाठलं की त्या दिवसाचे पैसे मिळायचे. काही जणांच्या नावावर महिन्याच्या सुरुवातीलाच ४२ डॉलर जमा करून ठेवले, आणि चुकलेल्या दिवसाचे कापून घेतले. रक्कम दोन्हीकडे सारखीच. पण पैसे मिळण्याने फारसा फरक पडला नाही. आधी दिलेलं कापलं जाईल म्हटल्यावर लोक जास्त दिवस चालले. अकाउंट्समधल्या माणसाला हे पटकन कळतं. खात्यात जमा असलेलं वजा होताना जितकं लागतं, तितकं न मिळालेलं लागत नाही. म्हणून प्रत्येक गटाला सुरुवातीलाच पन्नास रुपयांची चाळीस कार्डं दिली, कँटीनच्या बोर्डावर दोऱ्यात ओवून. ज्या दिवशी सहापैकी निदान चौघांची वाढ होणार नाही, त्या दिवशी एक कार्ड काढायचं. शेवटी जी उरतील त्यांची गटाने मिळून मिसळ खायची. नाशिकच्या माणसाला मिसळीचं वेगळं सांगावं लागत नाही. नऊ गटांचे मिळून जास्तीत जास्त अठरा हजार. पहिल्या वर्षीचं घड्याळ आणि मिक्सर याहून महाग पडले होते.

आणि वेळ. यासाठी मी तीन वेळा केबिनमध्ये गेले. शेवटी जेवणाच्या सुट्टीला दहा मिनिटं जोडून मिळाली, फक्त त्या आठ आठवड्यांपुरती. माझं अजूनही ठाम मत आहे की सगळ्या नियमांपेक्षा या दहा मिनिटांनी जास्त काम केलं. जून २०२४ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार भारतात २०२२ साली जवळजवळ निम्म्या प्रौढांची पुरेशी हालचाल होत नव्हती. पुरुषांमध्ये हे प्रमाण ४२ टक्के, स्त्रियांमध्ये ५७. आमच्या बसमधल्या बायकांकडे बघितलं की मला त्या ५७ चं आश्चर्य वाटत नाही. घरी गेल्यावर वेळ स्वतःचा राहत नाही. कंपनी जर म्हणत असेल की माणसं निरोगी राहावीत, तर तिने आपल्या घड्याळातली दहा मिनिटं द्यावीत. घरच्या वेळेतून चालायला सांगून वर त्याला चॅलेंज म्हणू नये.

रस्ता ठरवताना सेफ्टीच्या साहेबांनी चांगली मदत केली. डिस्पॅचच्या शेडसमोर फोर्कलिफ्टची सारखी ये-जा असते, दुपारी ट्रक लागलेले असतात, तिथून चालायला त्यांनी साफ मनाई केली. मग कंपाउंडच्या भिंतीलगत, कडुनिंबाच्या ओळीखालून वजनकाट्यापर्यंत पिवळा पट्टा मारून घेतला. हीच ती ६४० पावलं.

आठ आठवड्यांच्या वह्या माझ्याकडे आहेत. अकाउंट्सवाल्यांचे आकडे बघितले की महिन्याचं अख्खं कॅलेंडर दिसतं. ७ तारखेला टीडीएस भरायचा, आकडे खाली. ११ तारखेला जीएसटीचं विक्रीचं विवरणपत्र, जीएसटीआर-वन, परत खाली. २० तारखेला जीएसटीचंच दुसरं विवरणपत्र, थ्रीबी, त्या दिवशी तर रकाना कोराच. कादवाची पहिली दोन कार्डं आम्हा अकाउंट्सवाल्यांमुळे गेली. तेव्हा गटातले डिस्पॅचचे काका मला म्हणाले, "ताई, तुमच्या तारखा आधी सांगून ठेवा ना. त्या दिवशी आम्ही चौघं सांभाळतो." जानेवारीच्या २० तारखेला मी आणि माझ्या शेजारची मुलगी संध्याकाळपर्यंत खुर्चीतून उठलो नाही, आणि बाकी चौघांनी आपली वाढ लिहून कार्ड वाचवलं. मार्च एंडला डिस्पॅचचं बिलिंग अडलं तेव्हा त्याच काकांना मी थेट फोन केला, आणि एरवी तीन मेल लागले असते ते काम दहा मिनिटांत झालं. हे कुठल्या नियमात बसवलेलं नव्हतं.

वालदेवीच्या वहीत सरांचं मूळ माप २,०५० होतं. दुसऱ्या आठवड्यात त्यांची वाढ चारशे, पाचशे एवढीच होत होती, हजार होत नव्हती. मला धाकधूक होती की गट त्यांना बोलेल. गटातल्या क्वालिटीच्या पोराने एक दिवस त्यांना म्हटलं, "सर, एकदम नका करू. दोनशे-दोनशेचे तुकडे पाडा." मग सर पाण्याची बाटली भरायला खालच्या मजल्यावर जायला लागले, फाइल शिपायाकरवी न पाठवता स्वतः नेऊन द्यायला लागले. चढताना लिफ्ट, कारण त्यांच्या गुडघ्यांना ते बरं. सपाटीवर मात्र पायी. ९ जानेवारीला त्यांनी वहीत ३,०७० लिहिलं आणि आकड्याला गोल केला. वालदेवीचा शेवटी चौथा नंबर आला, एकतीस कार्डं. मिसळीच्या दिवशी सरांनी दोन पाव जास्तीचे मागवले.

सगळं जमलं असं मला म्हणायचं नाही. मोसम गट तिसऱ्या आठवड्यातच फुटला. दोघांची बदली झाली आणि उरलेल्यांना कोणी एकत्र आणलं नाही, ते मी करायला हवं होतं. रात्रपाळीची माणसं यात घेताच आली नाहीत. चॅलेंज संपल्यावर वाढीव दहा मिनिटं गेली आणि फेब्रुवारीत फेऱ्या मारणारे निम्म्यावर आले. पुन्हा मागून मागून ती दहा मिनिटं मे महिन्यात कायमची मिळाली, आणि तेव्हापासून दारात पाच-सहा जण तरी रोज एक वाजून दहा मिनिटांनी उभे असतात. माझं एचबीए१सी या वर्षी ५.८ आलं. वडिलांचा फोटो समोर आहे, त्याच्याशेजारी तो रिपोर्ट ठेवला आहे.

एक गोष्ट मात्र सांगायची राहिली, आणि तीच मला सगळ्यात जास्त शिकवून गेली. चॅलेंजच्या चौथ्या आठवड्यात कोणीतरी उत्साहाने जिन्याच्या प्रत्येक पायरीवर खडूने आकडे लिहिले, १ ते ६६, तळापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत. सगळ्यांना आवडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आकडे गायब. परत लिहिले, परत गायब. आमच्या सफाईच्या मावशी ते पुसत होत्या. मी त्यांना म्हटलं, "मावशी, राहू द्या ना ते, लोक मोजत चढतात." त्या ओल्या फडक्याने हात पुसत म्हणाल्या, "खडू पायाला लागून सगळ्या ऑफिसात पसरतोय बाई. अन् ती भुकटी मलाच पुसायची. मी हा जिना दिवसातून किती बार चढते, ते लिवलंय का कुणी?"

लिहिलं नव्हतं. मावशी कंत्राटावर आहेत, त्यांचं नाव आमच्या चोपन्न जणांच्या यादीतच नव्हतं. मी त्यांना विचारून एक दिवस माझा फोन त्यांच्या कमरेच्या पिशवीत ठेवायला दिला. संध्याकाळी त्यात सतरा हजारांच्या वर पावलं होती. मी आकडा सांगितला, तेव्हा त्यांना त्याचं काही विशेष वाटलं नाही. त्या म्हणाल्या, "तुमी चालायला वेळ मागता, मला बसायला जागा द्या. जेवायला बी मी पायरीवर बसते."

सव्वीस वर्षांत मी त्यांना पायरीवर बसलेलं शेकडो वेळा पाहिलं असेल. मी त्याच दिवशी एचआरच्या सरांकडे गेले. या वेळी केबिनमध्ये एकदाच जावं लागलं. जिन्याखालच्या कोपऱ्यात, जिथे जुन्या फाइलींचे गठ्ठे पडलेले असायचे, तिथे आता पाठ टेकायची एक खुर्ची, पाय वर ठेवायला एक स्टूल आणि भिंतीला पंखा आहे. खडूच्या जागी तीन मजल्यांवर तीन छोट्या पाट्या आहेत, २२, ४४, ६६.

साडेअकराला मावशी तिथे चहा घेऊन बसतात. परवा मी वरून उतरत होते, तर त्यांनी कप बाजूला ठेवून विचारलं, "झाली का गं तुझी पावलं?" मी म्हटलं, "दुपारी होतील, मावशी." त्यांनी पाय स्टुलावर नीट ठेवले आणि कप परत उचलला.